ठाण्याहून माथेरान: एका दिवसात, पण घाई न करता

ठाणे किंवा नवी मुंबईहून निघून माथेरान एका दिवसात निवांत बघता येतं. बहुतेकांचं ते निवांत होत नाही, कारण नेरळ स्टेशन ते माथेरानचा बाजार हा टप्पा कुणी हिशोबातच धरत नाही. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण त्यात टॅक्सी भरण्याची वाट, घाट, दस्तुरी नाक्याची (गाड्या इथेच सोडाव्या लागतात) रांग, प्रवासी कर, मग मिनी ट्रेनची दुसरी रांग नाहीतर पायपीट असं सगळं येतं. यात दीड-दोन तास सहज जातात, रविवारी त्याहून जास्त. त्यात पॉइंट मोजण्याची हौस असली तर मग बघायलाच नको. माथेरानला अडतीसेक पॉइंट आहेत असं सांगतात. त्यातले बारा एका दिवसात उरकायचे ठरवले की लक्षात राहतो तो फक्त घोड्याचा भाव. इथे चार-पाचच पॉइंट धरले आहेत, आणि सगळी आखणी वेळ वाचवून तो झाडाखाली बसण्यात घालवण्यासाठी आहे.

थोडी पार्श्वभूमी. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढला आणि तिथून इंग्रजांची इथली वस्ती सुरू झाली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, आता रायगडच्या कर्जत तालुक्यात येतो. उंची साधारण ८०० मीटर. वर मोटारगाड्यांना बंदी आहे आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. म्हणजे गाडी कितीही महागाची असो, दस्तुरी नाक्याला ती सोडावीच लागते.

१. दिवस कोणता निवडायचा

मंगळवार ते गुरुवार उत्तम. एक दिवसाची रजा टाकावी लागली तरी टाका, शनिवार-रविवारच्या रांगांमध्ये जाणारा वेळ धरला तर सौदा स्वस्त पडतो. लागून सुट्ट्या आल्या असतील, नाताळ ते नववर्षाचा आठवडा असेल किंवा दिवाळीची सुट्टी असेल, तर एका दिवसाचा बेत करूच नका. त्या दिवसांत घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात.

ऋतूचं म्हणाल तर पाऊस संपल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले: झाडी हिरवी, हवा धुतलेली, तलाव भरलेला. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी गार असतं, पण दुपारनंतर खालच्या सपाटीवर धुरकट पडदा येतो. एप्रिल-मेमध्ये खाली बदलापूर-कर्जत भाजून निघत असतं, तेव्हा वर झाडाखाली बरं वाटतं. धुरळा मात्र फार. त्याच दिवसांत आदिवासी बाया वाटेवर करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात मिळतात, ती सोडू नका.

पावसाळ्यात जायचं तर पाऊस बघायला जा, पॉइंट बघायला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याचदा कठड्यासमोर पांढऱ्या धुक्याची भिंत असते. शिवाय नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान ही छोटी शटल तेव्हाही चालवली जाते.

२. आदल्या रात्री पिशवीत काय भरायचं

पाठीवरची सॅक घ्या. हातात पिशवी नको, का ते माकडांच्या ठिकाणी कळेल.

- तळाला चांगली पकड असलेले, वापरून सैल झालेले बूट. नवीन बूट आणि सपाट तळाच्या सँडल दोन्ही घरी ठेवा. तिथली लाल माती आणि वर पसरलेली बारीक खडी उतारावर गोट्यांसारखी घरंगळते.
- गडद रंगाचे मोजे. पांढरे मोजे विटकरी होऊन परत येतात आणि तसेच राहतात.
- माणशी दीड लिटर पाणी, स्वतःच्या बाटलीत. पॉइंटवर पाणी मिळतं, पण महाग, आणि प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या डोंगरावर टाकून येण्यात काही शहाणपण नाही.
- रोख पैसे, १०, २०, ५० आणि १०० च्या नोटांत. फोनवरून पैसे घेणारे बरेच आहेत, पण आडबाजूच्या पॉइंटवर रेंज जाते आणि सरबतवाल्याकडे पाचशेची मोड नसते.
- ओळखपत्र: आधार किंवा वाहन परवाना. गाडीने जाणाऱ्यांनी गाडीची कागदपत्रं.
- छोटी विजेरी. फोनची बॅटरी दिवसभर फोटोंत संपते आणि काळोखात नेमकी तेव्हा लागते.
- टोपी, रुमाल, थंडीत एक पातळ जॅकेट, पावसाळ्यात रेनकोट. वाऱ्यात छत्री उलटी होते आणि कठड्यापाशी ती सावरणं धोक्याचं.
- कोरडं खाणं: दशम्या, थालीपीठ, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी. डबा घट्ट झाकणाचा हवा.
- रोजची औषधं, बँडएड, घाटात मळमळणाऱ्यांसाठी गोळी. ती गोळी नेरळला टॅक्सीत बसताना घेऊन उपयोग नाही, अर्धा तास आधी घ्या.
- फोनमध्ये माथेरानचा नकाशा उतरवून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी चालतो.

३. लोकल: सहा ते साडेसहाच्या दरम्यानची

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची. इंडिकेटरवर कर्जतला इंग्रजी ‘एस’ असतं आणि कसाऱ्याला ‘एन’. पहाटे डोळ्यांवर झोप असताना घोटाळा इथेच होतो: कसारा, आसनगाव आणि टिटवाळा या गाड्या कल्याणनंतर दुसऱ्या मार्गाने जातात. तशा गाडीत बसलात तर कल्याणला उतरून बदला. अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल मिळाली तर हरकत नाही, मागून येणारी कर्जत तिथे पकडता येते, पण तिच्यात बसायला मिळेलच असं नाही.

कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. ठाण्यापासून सव्वा तास धरा. कर्जतकडच्या गाड्या ठाणे-कल्याणसारख्या लागोपाठ नसतात, एक चुकली की बराच वेळ जातो. त्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा आणि त्यातली दुसऱ्या पसंतीची गाडीही लक्षात ठेवा.

तिकीट थेट नेरळचं काढा. ठाणे-सीएसएमटीचा पास असणारे सवयीने तसेच चढतात आणि नेरळच्या पुलावर टीसीसमोर उभे राहतात. पास तुमच्या पट्ट्यापुरता असतो, पुढच्या भागाचं तिकीट वेगळं लागतं. साधं तिकीट घेऊन एसी लोकलमध्येही चढू नका.

नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायचं: वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, जिथून सोयीचं असेल तिथून. ठाण्याला ही गाडी ९-१० नंबरच्या बाजूला लागते आणि मुख्य मार्गाचे फलाट पुलापलीकडे. जिना, पूल आणि गर्दी मिळून दहा मिनिटं हाताशी ठेवा. रविवारी आणखी एक भानगड असते ती मेगाब्लॉकची. ब्लॉक साधारण सकाळी अकराच्या सुमाराला लागतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. सहाला निघणाऱ्याला जाताना काही होत नाही, पण आठ-नऊ करत रेंगाळलात तर सगळंच पुढे ढकललं जातं. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे हे शनिवारीच जाहीर होतं, ते बघा.

एक जमेची बाजू: कामाच्या दिवशी सकाळची सगळी गर्दी मुंबईकडे असते आणि तुम्ही उलट दिशेला. खिडकी मिळते.

४. नेरळला उतरल्यावर

आधी नाश्ता. स्टेशनाबाहेर वडापाव, मिसळ, पोहे, चहा सगळं सकाळीच सुरू असतं आणि वरच्यापेक्षा स्वस्त. पोटभर मिसळ खाऊन लगेच घाटात मात्र बसू नका; ज्यांना वळणं सोसत नाहीत त्यांनी पोह्यांवर थांबावं. स्वच्छतागृह वापरायचं तर तेही इथेच.

आता मिनी ट्रेनचा प्रश्न. नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या खटपटीतून. मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा, जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज करत जाणारा. प्रवास सुंदर आहे, यात वाद नाही. पण वर चढायला अडीच तासांहून जास्त लागतात, दिवसाच्या फेऱ्या मोजक्या आणि जागाही मोजक्या. एका दिवसाच्या बेतात ही गाडी घेतली तर बाजारात पोहोचेपर्यंत दुपार होते. म्हणून आमचं मत असं: गाडीसाठीच जायचं असेल तर तो दिवस गाडीचा ठरवा आणि वर जेवून, बाजारात फिरून परत या. पॉइंट बघायचे असतील तर खालून टॅक्सी आणि वर शटल. दोन्ही साधायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात.

टॅक्सीचा थांबा स्टेशनाजवळच आहे. शेअर टॅक्सी माणसं भरली की सुटते. सकाळी लवकर ती भरायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. तुम्ही चौघं असाल तर उरलेल्या जागांचे पैसे भरून लगेच निघता येतं आणि ते माणशी फार जास्त पडत नाही. भाडं बसण्याआधी विचारा, माणशी की गाडीचं हे नक्की करा. सात-आठ किलोमीटरचा घाट, वीस-पंचवीस मिनिटं. ज्यांना मळमळतं त्यांना पुढची जागा द्या. टॅक्सीवाल्याचा फोन नंबर घ्यायला विसरू नका, संध्याकाळी कामाला येतो.

५. स्वतःची गाडी काढणार असाल तर

ठाण्याहून बदलापूर-वांगणीमार्गे नेरळ, नवी मुंबईहून पनवेल, चौक आणि तिथून कर्जत रस्त्याने नेरळ. नेरळपर्यंत काही अवघड नाही, खरी परीक्षा शेवटच्या घाटात. चढ उभा, वळणं केसाच्या आकड्यासारखी आणि समोरून टॅक्सीवाले सवयीच्या वेगाने उतरत असतात. वळणावर पहिला गिअर आधीच टाका. मध्ये गाडी थांबली तर हँडब्रेक ओढूनच सुरू करा, क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवलीत तर वर पोहोचेपर्यंत जळका वास येतो.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर दाब देऊनही धरत नाहीत. बिनगिअरच्या स्कूटरला ही सोयच नाही, म्हणून त्या या घाटात नेऊ नका. दुचाकी नेरळला ठेवून टॅक्सीने वर जा. सुट्टीच्या दिवशी चारचाकीलाही हाच सल्ला, कारण दस्तुरीचा वाहनतळ सकाळीच भरतो आणि मग गाड्या घाटात एकामागे एक उभ्या राहतात.

६. दस्तुरी नाका: इथे डोकं थंड ठेवा

टॅक्सीचं दार उघडण्याआधीच चार-पाच जण घेरतात. घोडा, सामान, हॉटेल, गाइड. बहुतेक माणसं पोटापाण्यासाठी उभी असतात आणि सरळ वागतात. पण नवखा माणूस दिसला की काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात: “शटल आज बंद आहे”, “चालत गेलात तर तीन तास”, “बाजारापर्यंत रस्ताच नाही, घोड्यानेच जावं लागतं.” तिन्हींवर विश्वास ठेवू नका. शटल चालू आहे की नाही हे अमन लॉज स्टेशनच्या खिडकीवरच विचारा. ते स्टेशन दस्तुरीपासून काही मिनिटांवर आहे.

क्रम असा ठेवा. आधी नगरपरिषदेच्या नाक्यावर प्रवासी कर भरा आणि पावती जपून ठेवा. मग दरफलक वाचा, घोड्यांचे दर तिथे लिहिलेले असतात. फोटो काढून ठेवलात तर पुढे हुज्जत घालावी लागत नाही. मग एका माणसाला शटलच्या रांगेत पाठवा. हे सगळं होईपर्यंत कुणाच्या हातात बॅग देऊ नका.

७. दस्तुरी ते बाजार

अंतर अडीच-तीन किलोमीटर. पर्याय असे.

शटल: अमन लॉज ते माथेरान, वीसेक मिनिटं. तिकीट खिडकीवर मिळतं, प्रत्येक फेरीला जागा ठरलेल्या. रांगेत तुमच्यापुढे पन्नास माणसं असतील तर चालायला लागा. पुढच्या गाडीच्या आधी तुम्ही बाजारात चहा पीत असाल.

चालणं: चाळीस ते पन्नास मिनिटं, मोठा चढ नाही, जवळजवळ सगळा रस्ता सावलीचा. आमची पसंती हीच. रुळांच्या कडेकडेने गेलं तर वाट आणखी सपाट, फक्त गाडी येण्याची चाहूल ठेवा आणि कानात हेडफोन नकोत. मुख्य रस्त्यावर घोड्यांना उजवी-डावी बघून जागा द्या. घोडा जवळून जात असेल तर थांबून राहा, अचानक त्याच्या मागच्या बाजूला सरकू नका.

ई-रिक्षा: गुडघे दुखणारे, वयस्कर माणसं आणि अपंगांसाठी हीच सोय. ती डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक म्हणून सुरू झाली. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ई-रिक्षांची संख्या थोडी आहे, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना रांगेत उभं न करता आधी सावलीत बसवा.

८. फेरी: सकाळी पश्चिम, दुपारी पूर्व

माथेरानचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि पॉइंट त्याच्या कडांवर. म्हणून उजेडाचा हिशोब सोपा: सकाळी ऊन पाठीशी घेऊन पश्चिमेकडे बघायचं, दुपारी उलट. गाइड लोक घोड्याच्या सोयीने क्रम लावतात. भर दुपारी पश्चिमेच्या पॉइंटवर गेलात तर डोळ्यांवर ऊन, समोर धुरकट आणि फोटोत नुसत्या सावल्या.

*सकाळ, साडेनऊ-दहा ते दीड.* बाजारातून शार्लट तलावाकडे निघा. स्वच्छतागृह बाजारातच उरका, पुढे भरवसा नाही. अर्ध्या-पाऊण तासात तलाव येतो. वाट दाट झाडीतली: जांभूळ, हिरडा, आणि पावसाळ्याआधीच्या महिन्यांत निळीजांभळी फुलं धरणारी अंजनी. वर कुठे खसफस झाली तर थांबून बघा, मोठी, तांबूस, लांब झुपकेदार शेपटीची शेकरू असू शकते. बोलत चालणाऱ्यांना ती दिसत नाही.

तलावाच्या काठी पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. या तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यामुळे पाण्यात उतरणं, पाय धुणं, खरकटं टाकणं काहीही करू नका. पोहायला बंदी आहे आणि पाणी फसवंही आहे. तास-दीड तास घालवायची जागा हीच. डबा मात्र काठावर उघडू नका.

तलावाच्या आसपास लॉर्ड आणि सिसिल हे पॉइंट आहेत. पावसाळ्यात बांधावरून पडणारं पाणी इथे बघायला मिळतं. मग पश्चिमेच्या कडेने एको पॉइंट करत लुईझाकडे जा. एकोला सगळे ओरडतात, तुम्हीही एकदा ओरडून घ्या आणि पुढे सरका. लुईझावर मात्र बसा. समोर प्रबळगड, मध्ये खोल दरी, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे पनवेलकडच्या इमारती. लुईझाहून बाजारात परत यायला अर्धा-पाऊण तास.

दक्षिणेचा वन ट्री हिल या फेरीत नाही. पाय धड असतील आणि लवकर आला असाल तर तलावाहून तिकडे वळा, पण मग लुईझा सोडा. तिकडून खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं, म्हणजे नवी मुंबईच्या नळाला येतं ते. नेरूळ-सानपाड्याच्या मंडळींनी एकदा बघावं.

फाट्यांवर नगरपरिषदेच्या पाट्या आहेत. पाटी नसलेली पायवाट जवळची वाटली तरी घेऊ नका; त्यातल्या बऱ्याच खालच्या वाड्यांकडे उतरतात आणि एकदा उतरलं की चढून यायला तास जातो.

कड्यापाशी नियम एकच, कठड्याच्या आत. काही पॉइंटवर कठडा आहे, काहींवर नुसती माती. कडेची माती वरून घट्ट दिसते, पण खालून पावसाने पोखरलेली असते. तोल जाऊन जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात, त्यात फोटो काढणारे जास्त. मूल असेल तर उचलून घेऊ नका, हात धरा आणि स्वतः कड्याच्या बाजूला उभे राहा.

*दुपार, तीन ते पाच.* जेवून अर्धा तास आडवं व्हा. आडवं व्हायला नको असेल तर पेमास्टर पार्कच्या बाकावर बसा. मग बाजारापासून जवळच, पूर्वेला, खंडाळा पॉइंट. खाली नेरळ-कर्जतची सपाटी, उल्हास नदी आणि मागे भीमाशंकरची डोंगररांग, सगळं आपल्या पाठीमागच्या उन्हात उजळलेलं. हीच उल्हास पुढे बदलापूर-कल्याण करत घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीला जाते.

पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला, एका दिवसात पायी जमणारा नाही. सनसेट म्हणजे पॉर्क्युपाइन पॉइंटचंही तेच: डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मेमध्ये सातनंतर, आणि परतीची वाट काळोखात रानातून. मुक्कामाला येणाऱ्यांसाठी तो राखून ठेवा.

९. घोडा घ्यायचाच असेल तर

‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ या शब्दांवर सौदा करू नका. पॉइंटची नावं घ्या, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार ते ठरवा, भाव एका घोड्याचा की सगळ्यांचा, आणि परत बाजारात सोडणं त्यात आहे की नाही हे विचारा. वेळ ठरवली नाहीत तर लुईझावर पाच मिनिटांत “चला साहेब” सुरू होतं.

चढण्याआधी खोगिराचा पट्टा बघा. खोगीर हाताने हलवून पाहिलं आणि ते घसरलं तर तंग आवळून घ्यायला सांगा. रिकिबीत पाय पंजापर्यंतच घाला, टाच आत गेली की पडताना पाय अडकतो. गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी लांबी हवी. चढावर अंग थोडं पुढे, उतारावर मागे. लगाम घोडेवाल्याच्याच हातात राहू द्या आणि घोडा पळवायला सांगू नका. लहान मुलाला एकट्याला बसवायचं तर घोडेवाला बाजूला चालत असला पाहिजे. हाडं उघडी पडलेला किंवा लंगडणारा घोडा नाकारा.

१०. खाणं, माकडं, खरेदी

जेवण बाजारात, शक्यतो एकच्या आधी किंवा दोननंतर. शाकाहारी थाळी, गुजराती जेवण, मटण-भाकरी सगळं मिळतं. पॉइंटवर कणीस, कोकम सरबत, मॅगी.

माकडांचा धंदा ठरलेला आहे. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे खाणं, हे त्यांना पक्कं माहीत. सॅकची चेन ती उघडतात, आधी बाजूचा कप्पा, मग मोठा. डबा बंद ठेवा, पॉइंटवर उभं राहून काही खाऊ नका आणि पिशवी ओढली तर ओढाताण न करता सोडून द्या. डोळ्याला डोळा भिडवू नका. चावलं किंवा नखं लागली तर जखम साबणाने भरपूर वाहत्या पाण्याखाली धुऊन थेट नगरपरिषदेच्या रुग्णालयात जा, घरी जाऊन बघू म्हणू नका. रेबीजच्या लशीचं तिथेच विचारा.

चिक्की आणि चामड्याच्या चपला परतीच्या वेळी घ्या, सकाळी घेतलीत तर दिवसभर वाहा. चिक्की हातात घेऊन वाकवून बघा: कट्‌कन तुटली तर ताजी, लवली तर दमट झालेली. पाकिटावर वजन आणि तारीख बघा. चपला दोन्ही पायांत घालून चार पावलं चालून घ्या, आणि संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो हे लक्षात ठेवून माप धरा.

११. परतीची वेळ चुकवू नका

बाजारातून पाचला, फार तर सव्वापाचला निघा. चालत पाऊण तासात दस्तुरी. शटलने यायचं तर परतीच्या फेऱ्यांच्या वेळा सकाळी उतरल्यावर माथेरान स्टेशनच्या फलकावरून लिहून घ्या, शेवटच्या फेरीवर विसंबू नका. रविवारी चार ते सहा सगळं माथेरान एकदम उतरतं. शटलला रांग, टॅक्सीला रांग. अशा दिवशी एकतर साडेतीनला निघा, नाहीतर चालत या आणि सकाळच्या टॅक्सीवाल्याला निघतानाच फोन करा. अंधार पडल्यावर शेअर टॅक्सी भरायला माणसं मिळत नाहीत आणि मग पूर्ण गाडीचे पैसे मोजावे लागतात.

नेरळला तिकिटाची रांग लांब असेल तर परतीचं तिकीट फोनवर काढण्याची तयारी ठेवा. कर्जतहून येणाऱ्या गाडीत सुट्टीच्या संध्याकाळी चढायलाच झुंबड असते; फलाटाच्या मधोमध, पुलाखाली, गर्दी सगळ्यात जास्त. मुंबईच्या टोकाकडच्या डब्यांपाशी जाऊन उभे राहा. कामाच्या दिवशी संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्याच असतात, खरी धक्काबुक्की ठाण्याला उतरताना, समोरून चढणाऱ्यांची. दिवा गेलं की दाराकडे सरका. नवी मुंबईला जाणाऱ्यांनी उतरून पुलाने ९-१० नंबरला जायचं आणि गाडी वाशीची की पनवेलची ते इंडिकेटरवर बघून बसायचं. नेरूळ, बेलापूर, खारघरच्या मंडळींनी वाशी लोकलमध्ये बसू नये.